‘शिकणे’साठी लर्न की स्टडी?

इचलकरंजीत मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. कुणी यंत्रमागावरून, कुणी दुकान बंद करून थेट वर्गात येतं. मुलांबद्दल बोलताना ‘माय सन इज लर्निंग इन कोल्हापूर’ हे वाक्य हमखास येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय शिकतोय ते राहिलंच. मुलगा विद्यापीठात असेल तर म्हणायचं, ‘माय सन इज स्टडिंग ॲट शिवाजी युनिव्हर्सिटी’.

इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्यातलं ‘शिकणे’ काढून बघा. त्या जागी ‘शिक्षण घेणे’ किंवा ‘अभ्यास करणे’ बसलं, तर स्टडी. ती गोष्ट ‘यायला लागणे’ असा अर्थ असेल, तर लर्न. सून स्कूटर शिकतेय, म्हणजे तिला ती चालवता यायला लागलीय: ‘शी इज लर्निंग टू राइड अ स्कूटर’. इथे ‘स्टडिंग टू राइड’ चालत नाही. ‘स्टडिंग टू बी अ डॉक्टर’ चालतं, पण त्यातला ‘टू’ म्हणजे ‘होण्यासाठी’.

खरी अडचण भाषेपाशी येते, कारण तिथे अभ्यासही असतो आणि येणंही. मग मराठीचाच कान वापरा. ‘दोन वर्षं जपानी शिकले’ आणि ‘दोन वर्षांत जपानी शिकले’ यांतला फरक आपल्याला न सांगता कळतो. पहिल्यात वेळ दिला, भाषा आली की नाही ते कळत नाही: ‘आय स्टडीड जॅपनीज फॉर टू इयर्स’. दुसऱ्यात भाषा आली: ‘आय लर्न्ट जॅपनीज इन टू इयर्स’. ‘फॉर’बरोबर लर्नही ऐकाल, ते चूक नाही. पण ‘दोन वर्षांत आली’ म्हणायचं तर लर्नच हवं.

मुलाखतीत हे फार उपयोगी पडतं. ‘व्हेअर डिड यू स्टडी?’ विचारलं की शाळा-कॉलेजचं नाव सांगा. ‘व्हेअर डिड यू लर्न इंग्लिश?’ला ‘दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून’ हेसुद्धा उत्तम, अभिमानाने द्यायचं उत्तर आहे.

टायपिंगच्या किंवा तबल्याच्या सरावाला मात्र स्टडी लावू नका, तिथे प्रॅक्टिस. कविता पाठ करणं म्हणजे लर्न बाय हार्ट. आणि ‘मला काल कळलं’ यातल्या कळण्यालाही लर्न चालतं, जरा औपचारिक वाटतं इतकंच.