टायट्रेशन अचूक कसे करावे: ऑक्झॅलिक आम्लाने सोडियम हायड्रॉक्साइडची संहती काढणे

सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी संहती (द्रावणात विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण) नुसते वजन करून ठरवता येत नाही, कारण त्याच्या पांढऱ्या गोळ्या उघड्या राहताच हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषू लागतात. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक मात्र शुद्ध मिळतात आणि हवेत टिकतात, म्हणून अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या आधारे, आम्लात हे द्रावण अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत मोजून सोडून, म्हणजे टायट्रेशनने, ही संहती काढतात. या प्रयोगाच्या पायऱ्या बहुतेक विद्यार्थी पाठ करतात, याचे वाईट वाटते. कोणत्या भांड्यात किती मोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक) द्रव्य आहे एवढे सतत लक्षात ठेवले, तर प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते.

प्रथम ३.१५ ग्रॅम स्फटिक तोलून चंचुपात्रात थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावेत. ते द्रावण नरसाळ्यातून २५० मिलिलिटरच्या मापन चंबूत ओतावे, चंचुपात्र व नरसाळे दोन-तीन वेळा विसळून ते पाणीही चंबूतच घालावे, खुणेपर्यंत पाणी भरावे आणि बूच लावून चंबू उलटसुलट करत द्रावण एकजीव करावे. रेणुवस्तुमान १२६ असल्याने हे द्रावण ०.१ मोलर होते, म्हणजे त्याच्या एका लिटरमध्ये ०.१ मोल आम्ल असते.

आता विसळण्याचा मुद्दा, जिथे सर्वाधिक चुका होतात. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली नळी) सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने आणि पिपेट (ठरावीक आकारमान मोजून घेण्याची नळी) आम्लाच्या द्रावणाने विसळावी, कारण आत राहिलेले पाणी द्रावण पातळ करते. शंकुपात्र मात्र केवळ डिस्टिल्ड पाण्यानेच विसळावे. ते आम्लाने विसळल्यास पिपेटने मोजलेल्या आम्लात न मोजलेल्या आम्लाची भर पडते. उलट आत पाणी राहिले तरी आम्लाचे मोल तेवढेच राहतात.

ब्युरेट भरून तोटीखालचा हवेचा बुडबुडा घालवावा, नरसाळे काढून ठेवावे आणि मगच सुरुवातीचे वाचन घ्यावे. शंकुपात्रात १० मिलिलिटर आम्ल पिपेटने घ्यावे. ते तोंडाने ओढू नये, रबरी फुगा वापरावा, कारण ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे. डोळ्यांवर चष्माही हवाच. शंकुपात्रातील आम्लात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (रंग बदलून अभिक्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाकावेत. मिथिल ऑरेंज हा दर्शक येथे चालत नाही, कारण त्याचा रंग सामू (आम्लता दाखवणारा अंक, pH) ३.१ ते ४.४ या आम्लधर्मी टप्प्यातच बदलून जातो.

शंकुपात्र पांढऱ्या कागदावर ठेवून, सतत हलवत ब्युरेटमधील द्रावण सोडावे. गुलाबी छटा नाहीशी व्हायला वेळ लागू लागला की एकेक थेंबच सोडावा. दोन्ही द्रावणे ०.१ मोलर असतील, तर एक थेंब कमी असताना सामू साडेसहाच्या आसपास असतो आणि एक थेंब जास्त होताच तो दहाच्या वर जातो, इतकी ही उडी मोठी असते. सुमारे अर्धा मिनिट टिकणारी फिकट गुलाबी छटा हाच अंतिम बिंदू मानावा. नंतर ती हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे फिकी झाली, तरी पुन्हा थेंब घालू नये. वाचने जुळेपर्यंत कृती पुन्हा करावी.

आम्लाच्या एका मोलला आम्लारीचे, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचे, दोन मोल लागतात. समजा १९.६ मिलिलिटर लागले, तर २ × १० × ०.१ ला १९.६ ने भागून संहती ०.१०२ मोलर येते. काम संपताच ब्युरेट पाण्याने धुऊन ठेवावी, कारण सोडियम हायड्रॉक्साइड आत राहिले तर काचेची तोटी जागीच घट्ट बसते.