तिकीट नसताना विम्बल्डन कसं बघायचं

'विम्बल्डनचं तिकीट मिळणं अशक्य' असं ठासून सांगणारा माणूस भेटला की त्याला एकच विचारा, रांगेत कधी उभा राहिला होतास का? उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. जगातल्या बड्या स्पर्धांमध्ये अशी सोय आता क्वचितच उरली आहे: खेळाच्या दिवशी सकाळी, ठरलेल्या किमतीला, कुणाच्याही ओळखीशिवाय थेट सेंटर कोर्टची, म्हणजे मुख्य कोर्टाची, खुर्ची मिळू शकते. अट एकच, रांगेचे नियम आणि रांगेचं गणित दोन्ही कळायला हवं. नियम सोपे आहेत. गणितात लोक गडबडतात.

आधी दोन वाटा बाजूला काढू. पहिली बॅलट, म्हणजे सोडत. नाव जरूर घाला, पण नशिबाच्या भरवशावर रजा आणि विमान ठरवू नका. दुसरी वाट दलालाची. तिच्याकडे फिरकूसुद्धा नका. डिबेंचरधारकांची, म्हणजे क्लबचे महागडे रोखे घेऊन काही वर्षांसाठी जागा मिळवणाऱ्यांची, तिकिटं सोडली तर विम्बल्डनची तिकिटं दुसऱ्याला विकताच येत नाहीत. डिबेंचरच्या सेंटर कोर्टवरच्या एका जागेच्या भावात मुंबई-लंडन विमानाचं जाऊन-येऊन तिकीट निघतं.

१. निघण्यापूर्वी

व्हिसा वेळेत काढा. स्पर्धा जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत चालते आणि तेव्हा लंडनमध्ये सगळंच महाग असतं. हॅरो किंवा स्लाउला नातेवाईक असतील तर मुक्काम तिकडेच असू द्या, पण रांगेच्या आदल्या रात्रीपुरतं तिथून येण्याजाण्याचा हिशेब वेगळा करा. हॉटेल घ्यायचंच असेल तर ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या, डिस्ट्रिक्ट लाइनच्या विम्बल्डन फाट्यावर घ्या: अर्ल्स कोर्ट, पार्सन्स ग्रीन, पटनी ब्रिज. उतरायचं स्टेशन मात्र साउथफील्ड्स. नावाला भुलून विम्बल्डन स्टेशनला उतरणारे दरवर्षी दिसतात आणि मग बसच्या शोधात फिरतात. साउथफील्ड्सहून पाट्यांच्या आणि माणसांच्या मागे पंधरा मिनिटं चाललं की विम्बल्डन पार्क येतं. रांग या पार्काच्या गवतावर लागते.

२. आधी नंबर ठरवा, मग वेळ

'किती वाजता पोचू?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी उलट प्रश्न करतो: 'नंबर कितवा हवाय?' मला स्वतःला हे उमगायला वेळ लागला, कारण इंटरनेटवरचा सल्ला घड्याळात दिलेला असतो. 'पहाटे चारला या, सेंटर कोर्ट पक्कं.' हा सल्ला देणाऱ्याला कधीकाळी पावसाळी बुधवारी नशिबाने मिळालं असेल. तुमचा दिवस तसा नसेल.

हिशेब असा आहे. सेंटर कोर्ट, नंबर वन कोर्ट आणि नंबर टू कोर्ट यांची प्रत्येकी सुमारे पाचशे तिकिटं रोज रांगेसाठी राखलेली असतात. शेवटच्या चार दिवसांत सेंटर कोर्टची ही सोय नसते. त्यापुढे येतात ग्राउंड्स पास, म्हणजे या तीन कोर्टांवरच्या खुर्चीशिवाय आवारात प्रवेश. तेही हजारोंनी असतात, पण अमर्याद नसतात. आवार भरलं की आतून माणसं बाहेर पडतील तशी बाहेरची आत सोडतात. रांगेला लागताच हातात पडणाऱ्या कार्डावर तारीख आणि क्रमांक असतो. तुमचा दिवस कसा जाणार, हे त्या क्रमांकावरून जवळपास कळतं.

पाचशेच्या आत असाल तर तीन्ही कोर्टांपैकी हवं ते घ्या. पाचशे ते हजार असेल तर नंबर वन कोर्ट धरून चाला. हजार ते दीड हजार, तर नंबर टू. त्यापुढे ग्राउंड्स पास. पण या सीमा पक्क्या नाहीत, आणि अनोळखी माणूस नेमका इथे फसतो. पुढच्या पाचशेतला प्रत्येक जण सेंटर कोर्टच मागतो असं नाही. कुणाचा लाडका खेळाडू नंबर वनवर असतो, कुणाला फक्त बाहेरच्या कोर्टांवर भटकायचं असतं. म्हणून सहाशेव्या माणसालाही कधी सेंटर कोर्ट लाभतं. उलट दिवस मोठा असेल तर एक जागाही सुटत नाही. सोमवारी दुपारी दीडला सेंटर कोर्टवरचा पहिला सामना पुरुषांच्या गतविजेत्याचा असतो, मंगळवारी महिलांच्या गतविजेतीचा. त्यातून एखादा ब्रिटिश खेळाडू रंगात आला असेल, तर पाचशेच्या काठावर असलेल्याने आशा सोडावी.

आता खरी मेख. कोणता सामना कोणत्या कोर्टवर होणार, हे आदल्या दिवशी संध्याकाळीच जाहीर होतं. तोवर सेंटर कोर्टवाले गवतावर तंबू ठोकून बसलेले असतात. म्हणजे ते आंधळा डाव खेळत असतात. अगदी आंधळा म्हणा किंवा नका म्हणू, कारण ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, शुक्रवारी निघतो. एका अर्ध्या भागाचे पहिल्या फेरीचे सामने सोमवारी, दुसऱ्याचे मंगळवारी, आणि मग जिंकणारा साधारण दिवसाआड खेळतो. दिवस तुम्ही ड्रॉवरून काढू शकता, कोर्ट नाही. पाऊस पडला तर दिवसाचाही पत्ता राहत नाही.

त्यामुळे माझा ठाम सल्ला असा. एका विशिष्ट खेळाडूचं सेंटर कोर्टवरचं दर्शन हा हट्ट असेल, तर आदल्या दिवशी दुपारीच जाऊन बसा आणि तो दुसऱ्याच कोर्टवर गेला तर कुरकुर करू नका. हट्ट नसेल तर संध्याकाळी वेळापत्रक बघा आणि मगच निघा. तेव्हा सेंटर कोर्ट बहुधा हातचं गेलेलं असतं, पण नंबर वन किंवा टू अजून आवाक्यात असतात आणि आपण कशासाठी थंडीत झोपतोय हे तरी माहीत असतं. आणि पहिल्यांदाच विम्बल्डन बघणाऱ्याने, माझं ऐकाल तर, रात्रीच्या भानगडीत पडूच नये. सकाळच्या पहिल्या ट्यूबने या आणि ग्राउंड्स पास घ्या. तो तीस पौंडांच्या आसपास असतो. सेंटर कोर्टच्या तिकिटावर तुम्ही दिवसभर एका खुर्चीशी बांधले जाता, आणि पहिल्या आठवड्यात खरी धमाल बाहेरच्या कोर्टांवर चालते, जिथे तुमच्यात आणि बेसलाइनमध्ये दहा फुटांचं अंतर असतं.

३. रात्र काढायची असेल तर

कार्ड माणशी एक, आणि तेही समोर हजर असलेल्यालाच. चौघांपैकी एकाने पुढे जाऊन जागा धरायची, बाकीचे जेवून येतील, हा बेत घरीच सोडून या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसलं काही इथे चालत नाही. स्टुअर्ड, म्हणजे रांग सांभाळणारी माणसं, फेऱ्या मारतात आणि तासन्‌तास रिकामा दिसणारा तंबू त्यांच्या नजरेतून सुटत नाही. रांग सोडून जायची मुभा अर्ध्या तासाची. तेवढ्यात स्वच्छतागृह, पाणी आणि चहा होतो. जेवण मागवायचं तर विम्बल्डन पार्क रोडच्या फाटकावर मागवा आणि रात्री दहाच्या आत येईल असं बघा. कार्ड गळ्यात अडकवा, पासपोर्टसारखं जपा. आत शिरेपर्यंत ते लागतं.

तंबू जास्तीत जास्त दोघांचा चालतो. लोक तंबूवर पैसे घालतात आणि खाली अंथरायला काही आणत नाहीत. हे उलटं आहे. लंडनमध्ये जूनअखेरीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि त्याहून त्रास देतं ते गवत. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागतं, तंबूचं कापड आतून ओलसर होतं, आणि साधी चटई असेल तर गारवा कमरेतून वर चढतो. जाड स्लीपिंग मॅट, लोकरी मोजे, कानटोपी, एवढं असलं तर तंबू फाटका असला तरी झोप लागते. 'उन्हाळा आहे, शाल पुरेल' असं सांगणारे लोक रात्री घरी जाऊन गादीवर झोपलेले असतात.

खायला तिखटमिठाच्या पुऱ्या न्या. दोन दिवस टिकतात, गार चांगल्या लागतात आणि शेजारच्या तंबूशी ओळख करून देतात. चूल, शेगडी, बार्बेक्यू यांना बंदी आहे. रात्री दहानंतर मोठ्याने गप्पा मारल्या तर स्टुअर्ड येऊन अतिशय नम्रपणे सांगतो, आणि तो नम्रपणा ओरडण्यापेक्षा जास्त लागतो.

४. सकाळ

पहाटे पाच-सहाच्या सुमारास उठवतात. तंबू लगेच गुंडाळायचा, कारण रांग पुढे सरकवून दाट करतात. मोठं सामान सामानघरात ठेवायचं, कारण आत तंबू, मॅट, घडीची खुर्ची काही नेता येत नाही. इथे दुसरी रांग लागते, म्हणून आवरायला आळस करू नका.

साधारण सात-साडेसातला पुढून मागे रिस्टबँड वाटत येतात. स्टुअर्ड कोर्ट विचारतो आणि त्या कोर्टाच्या रंगाची पट्टी मनगटावर बांधतो. उत्तर तयार ठेवा. पट्टी ही तिकिटाची हमी आहे, तिकीट नव्हे. तिकीट फाटकाशी पैसे भरून मिळतं. पैसे कार्डाने द्यायचे असतात, तेव्हा परदेशात चालणारं कार्ड बरोबर असू द्या, नोटांची गड्डी उपयोगाची नाही.

पिशवी माणशी एक, ४० × ३० × ३० सेंटीमीटरच्या आतली. अर्ध्या लिटरपेक्षा मोठा थर्मास, टणक कूलर आणि सेल्फी स्टिक अडवतात. घरचं खाणं चालतं. तपासणीत लोकांची सकाळ जाते ती फक्त पिशवीमुळे, म्हणून मोजून घ्या.

५. आत

फाटक दहाला उघडतं, बाहेरच्या कोर्टांवर खेळ अकराला सुरू होतो. ग्राउंड्स पास असेल तर दुकानात आणि फोटोंत हा तास घालवू नका. वेळापत्रकातला एक सामना निवडा, त्या कोर्टवर जा आणि बसा. तिसऱ्यापासून अठराव्यापर्यंतच्या कोर्टांवर ज्या जागा राखीव नाहीत, त्या पहिल्या येणाऱ्याच्या. १८ नंबरचं कोर्ट छोटं आहे आणि लवकर भरतं. २०१० मध्ये इस्नर आणि माहू इथेच तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं खेळले होते, शेवटचा सेट ७०-६८. भिंतीवर त्याची पाटी आहे. जागा सोडलीत की गेली, परत येताना खेळाडू बाजू बदलतील तेव्हाच आत सोडतात.

आपले खेळाडू बघायचे तर दुहेरीचं वेळापत्रक चाळा. दुहेरी पहिल्या बुधवारपासून सुरू होते आणि आपली माणसं बहुधा तिथेच असतात. पेस-भूपतीने १९९९ मध्ये इथे पुरुष दुहेरी जिंकली, तेव्हापासून दुहेरीच आपली वाट झाली. २०२३ पासून पुरुष दुहेरीचे सामने तीन सेटचे झाल्यामुळे दिवसाचं नियोजनही सोपं पडतं.

पावसाचा अंदाज असेल तर ग्राउंड्स पासवाल्याने छत्री घ्यावी आणि मन मोठं ठेवावं. छप्पर फक्त दोन कोर्टांना आहे: सेंटर कोर्टला २००९ पासून, नंबर वनला २०१९ पासून. नंबर टूचं तिकीट घेतलं म्हणजे पावसातून सुटलो, असा गैरसमज नको.

टेकडीवर बसून मोठ्या पडद्यावर सामना बघणं हा लोकप्रिय कार्यक्रम आहे. ही टेकडी हेन्मन हिल म्हणून प्रसिद्ध आहे. अर्धा तास बसा, स्ट्रॉबेरी खा आणि उठा. पडदा घरीही असतो. स्ट्रॉबेरी-क्रीमची वाटी २०१० पासून अडीच पौंडांवर थांबली होती, २०२५ मध्ये दोन पौंड सत्तर पेन्स झाली. एवढ्या महागड्या आवारात हीच एक गोष्ट परवडते.

६. दुपारनंतर

हे फार कमी जण सांगतात. सेंटर कोर्ट, नंबर वन आणि टूवरून लवकर निघणारे आपलं तिकीट परत देतात आणि त्या जागा आतल्या आत पुन्हा विकतात. ग्राउंड्स पासवाल्याला दहा-पंधरा पौंडांत सेंटर कोर्ट बघण्याचा हा राजमार्ग आहे, शिवाय पैसे धर्मादाय कामाला जातात. स्पर्धेचं ॲप आधीच फोनवर घेऊन खातं उघडून ठेवा, म्हणजे दुपारी आभासी रांगेत लगेच नाव लागतं. पहिला सामना संपून लोक उठतात, तेव्हा जागा सुटतात. दिवसातला शेवटचा सामना या वाटेने बघणं मला रात्रभर गवतावर झोपण्यापेक्षा कितीतरी पसंत.

लंडनमध्ये नोकरीला असाल तर पाचनंतर स्वस्त होणारा ग्राउंड्स पास बघा. उजेड नऊ वाजेपर्यंत असतो, म्हणजे तीन-चार तास टेनिस सहज पदरात पडतं. ऑफिसचे बूट घालून गवतावर बसलेली बरीच मंडळी तिथे दिसतात.

सामना संपला की लगेच साउथफील्ड्सकडे धावू नका. गर्दीत प्लॅटफॉर्मवर उतरायलाच खूप वेळ जातो. अर्धा-पाऊण तास चालून ईस्ट पटनीला जा, किंवा विम्बल्डन स्टेशन गाठून वॉटर्लूची गाडी पकडा. त्याआधी सामानघर. तंबू तिथे ठेवला आहे हे सेंटर कोर्टच्या नादात हमखास विसरायला होतं, म्हणून पावती फोनच्या कव्हरमागे खोचून ठेवा.