पाळी गेल्यावर जवळ येताना दुखतंय? हे करून बघा

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरच्या भिशीत सुनेपासून सराफ्यातल्या गराडूपर्यंत सगळं निघतं, पण हा विषय आला की सगळ्या चहाच्या कपात बघतात, म्हणून लिहिते.

सलग 12 महिने पाळी नाही आली की मेनोपॉज झाला समजायचं. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं, योनीची आतली त्वचा पातळ अन् कोरडी पडते, म्हणून संबंधाच्या वेळी आग होते, लघवीचं इन्फेक्शन पण सारखं होतं. ओठ दाबून सहन नका करू. मेडिकलवरून वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट जेल आणा (कागदात गुंडाळून देतात, देऊ दे), जवळ येताना भरपूर लावा, घाई नको. रोजच्या कोरडेपणाला व्हजायनल मॉइश्चरायझर वेगळं मिळतं, ते आठवड्यातून 2-3 दा. आत साबण अजिबात नाही. खोबरेल काहीजणी लावतात, पण तेलाने कंडोम फाटतो बरं.

एवढ्याने नाही भागलं तर गायनॅककडे जा, त्या आत लावायची इस्ट्रोजेन क्रीम देतात, बहुतेक पहिले 2 आठवडे रोज, मग आठवड्यातून 2 दा. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर आधीच सांगा. आणि पाळी गेल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवा.

हो, नवऱ्याशी बोला. मी लाइट बंद करून, भिंतीकडे तोंड करून सांगितलं ह्यांना, ते पण चाललं.