मोबाइल पेमेंट गरिबांपर्यंत पोहोचवताना आधी एजंट उभा करावा

मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सेवा गरीब वस्तीत सुरू करायची असेल, तर खाती उघडण्याची मोहीम आधी हाती घेऊ नये. ज्याची मिळकत रोजच्या रोज रोख हाती पडते, त्याला पहिली शंका येते ती ही की, फोनमध्ये गेलेला पैसा ऐन गरजेला रोख होऊन परत मिळेल का. या शंकेचे निरसन जवळचा एजंटच, म्हणजे रोख घेऊन ती खात्यात भरून देणारा आणि खात्यातले पैसे रोखीने काढून देणारा माणूसच, करू शकतो. केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइल पेमेंट सेवा साध्या फोनवर चालत होती हे खरेच. पण ती रुजली ती रोख भरण्या-काढण्याची सोय करणाऱ्या छोट्या दुकानदारांच्या जाळ्यामुळे.

म्हणून एजंट असा निवडावा, ज्याच्या गल्ल्यात रोज रोकड खेळते आणि ज्याच्यावर लोकांचा आधीपासून विश्वास आहे. त्याला दोन शिलका सांभाळाव्या लागतात. कोणी रोख भरली की त्याची रोकड वाढते आणि फोनमधली शिल्लक घटते. कोणी पैसे काढले की याच्या उलट होते. मजुरी किंवा अनुदान जमा होण्याच्या दिवशी सगळेच काढायला येतात, आणि रोकड संपली म्हणून एखादी बाई रिकाम्या हाताने परतली, तर पुढच्या वेळी ती खात्यात काहीच मागे ठेवत नाही. अशा दिवसांची यादी करून आदल्या दिवशीच एजंटकडे जादा रोकड पोहोचवावी. माझ्या मते सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो.

नोंदणीसाठी कमी मर्यादेचे, थोड्या कागदपत्रांवर उघडणारे खाते नियमांत बसत असेल, तर तेच निवडावे. इंटरनेटशिवाय, साध्या फोनवरही ठरावीक कोड डायल करून चालणारी यूएसएसडी सेवा आणि बोलीभाषेतला मेनू असावा. फोन घरात एकच असला, तरी स्त्रीचे खाते तिच्याच नावावर असावे आणि पिन तिच्यापुरताच राहावा.

पहिला व्यवहार छोट्या रकमेचा असावा आणि तो ग्राहकाने स्वतःच्या हाताने करावा. पिन एजंटला सांगायचा नाही, हे तेव्हाच बजावावे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांतले पुष्कळ जण आकडे ओळखतात. त्यांना एसएमएसमधली पाठवलेली रक्कम कुठे आणि उरलेली शिल्लक कुठे, हे बोट ठेवून दाखवावे. शुल्काचा फलक दर्शनी लावावा, कारण ठरावीक शुल्क छोट्या रकमेला फार जड जाते. चुकीच्या क्रमांकावर पैसे गेले तर तक्रार कुठे करायची, हेही त्याच फलकावर असावे.

सुरुवातीचा उपयोग म्हणून नातेवाइकांना पैसे पाठवण्यावर भर द्यावा. विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थतज्ज्ञांच्या केनियातल्या अभ्यासात दिसले की, आजारपणासारख्या संकटात एम-पेसा वापरणाऱ्या घरांना पोटाला चिमटा घ्यावा लागला नाही, कारण आप्तांकडून मदत चटकन पोहोचली. फोनवरचे कर्ज मात्र लोकांचा भरणा, काढणे आणि बचत अंगवळणी पडेपर्यंत देऊ नये, आणि दिले तरी परतफेडीची एकूण रक्कम आधी मोठ्याने वाचून दाखवावी.