पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणि तिची भावंडे : घेण्यापूर्वी काय पाहावे

घट बसायला आठवडा उरला की कोल्हापुरातल्या औषध दुकानांत एक मागणी हमखास वाढते, ती पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीची. कुणाला अंबाबाईचे दर्शन घ्यायचे असते, कुणाच्या घरात घट बसणार असतात. मी काउंटरवर उभा असतो तेव्हा बहुतेकींच्या हाती डॉक्टरांची चिठ्ठी नसते. असतो तो शेजारणीने कात्रीने कापून दिलेला पट्टीचा तुकडा, ज्यावर औषधाच्या नावाची अर्धीच अक्षरे उरलेली असतात आणि मुदतीची तारीख कापलेल्या बाजूला राहून गेलेली असते. अशा तुकड्यावर गोळी मागू नये, आणि दुकानदाराने ती देऊही नये. हे लैंगिक संप्रेरकाचे औषध आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते.

या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते. शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-संप्रेरक उतरले की गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि पाळी येते. ही गोळी प्रोजेस्टेरॉनचे काम करत राहते, म्हणून अस्तर टिकून राहते. हेच औषध अतिरक्तस्राव आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) यांसाठीही दिले जाते, तेव्हा ते मुळात वाईट नाही. पाळी लांबवण्यासाठी साधारणपणे ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, अपेक्षित तारखेच्या ३ दिवस आधीपासून सुरू करतात, आणि बंद केल्यावर बहुधा २ ते ३ दिवसांत पाळी येते. म्हणून आपली तारीख आधी मोजावी आणि डॉक्टरांकडे निदान आठवडाभर आधी जावे. अंगावरून जायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा या कामासाठी भरवसा धरता येत नाही. तारीख उलटून गेली असेल तर आधी गर्भधारणेची तपासणी करावी. अशा रीतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक नव्हे, हेही पक्के लक्षात ठेवावे.

मळमळ, डोकेदुखी, स्तनांत ठणका, पोट फुगणे, चिडचिड, अधूनमधून डाग पडणे हे त्रास होऊ शकतात आणि बहुधा गोळी थांबवल्यावर जातात. खरी काळजी रक्ताच्या गुठळीची. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या स्त्री-संप्रेरकासारख्या द्रव्यात बदलतो, आणि मात्रा मोठी असली की गुठळीचा धोका वाढतो. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा आजार असेल, अथवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर ही गोळी टाळावी लागते. डोळ्यांपुढे चमचम दिसून उठणारी अर्धशिशी, आई-बहिणीला झालेली गुठळी, वाढलेले वजन, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हे सारे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. देवीला पाळी चालते की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण घरच्यांच्या आग्रहाखातर, मुलीला न विचारता तिच्या हातावर गोळी ठेवणे मला मुळीच मान्य नाही.

आता या गोळीची भावंडे, म्हणजे लैंगिक संप्रेरकांची इतर औषधे. सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळणाऱ्या माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेनही असते. पस्तिशीपुढे धूम्रपान करणाऱ्या आणि रक्तदाब फार वाढलेल्या स्त्रियांनी त्या घेऊ नयेत. क्षयावरचे रिफॅम्पिसिन किंवा फिटांवरचे फेनिटॉइन चालू असेल तर या गर्भनिरोधक गोळ्यांचा गुण कमी होतो. रजोनिवृत्तीत अंगाच्या लाह्या होऊ लागल्यावर इस्ट्रोजेन चांगला आराम देते, मात्र गर्भाशय शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनही लागते, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता मुलांविषयी. या शहराने तालमीतला खुराक पाहिला आहे : दूध, बदाम, थंडाई. त्याच खुराकाच्या नावाखाली व्यायामशाळेत कुणी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे इंजेक्शन पुढे केले, तर ते खुराक नव्हे. वृषण किंवा मेंदूतली पियुषिका ग्रंथी नीट काम करत नसेल, तेव्हा सकाळच्या रक्ततपासणीत पातळी एकाहून अधिक वेळा कमी आढळल्यावर डॉक्टर ते देतात. निरोगी तरुणाने बाहेरून घेतले, की मेंदू वृषणांना कामाचा संदेश देणे थांबवतो. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात, आणि बंद केल्यावरही पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात. छातीवर स्तनांसारखी वाढ होते, मुरुमे येतात, रक्त दाट होते. शरीर कमावण्यासाठी तोंडाने घेतल्या जाणाऱ्या, याच जातीच्या काही स्टेरॉइडांनी यकृत बिघडते. घेऊन झाले असेल तर लपवू नये. अचानक थांबवल्यावर थकवा आणि उदासी येते, तेव्हा डॉक्टरांना औषधाचे नाव, मात्रा आणि किती आठवडे घेतले हे खरे सांगावे.

यांपैकी कोणतेही औषध चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, कधी नव्हे इतके डोके दुखले, किंवा अचानक दिसेनासे अथवा बोलता येईनासे झाले, तर पुढची गोळी घेऊ नये आणि सकाळची वाट न पाहता कोल्हापुरातल्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. जाताना अर्धी संपलेली असली तरी पूर्ण पट्टी बरोबर न्यावी.