मे महिन्याच्या सुट्टीत पोरांसाठी थरांची रंगीत सरबतं: घरच्याच कोकम, आंबा, गोकर्णात

मे महिना म्हणजे आमच्याकडे भाचे-पुतणे सगळे एकत्र, दहा-पंधरा पोरं घरात आणि दुपारी चार वाजले की “काहीतरी थंड दे ना” सुरू. मागच्या तीन-चार सुट्ट्यांपासून मी एका दुपारी त्यांची पार्टीच ठेवते आणि त्यात काचेच्या ग्लासात लाल, पिवळा, निळा असे थर दिसणारी सरबतं करते. पोरं तर खूश होतातच पण मोठी माणसंही ग्लास उजेडात धरून बघत बसतात. दर वेळी कोणीतरी विचारतं की हे थर एकमेकांत मिसळत कसे नाहीत, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

आधी मुख्य गोष्ट. हात किती हलका आहे यापेक्षा साखर कुठल्या थरात किती आहे यावर सगळं उभं आहे. ज्यात साखर जास्त ते जड, ते खाली बसणार. ज्यात कमी ते हलकं, ते वर राहणार. एवढं जमलं की हात थोडा हलला तरी थर टिकतात, आणि हे चुकलं असेल तर कितीही जपून ओता, दोन मिनिटात सगळं एकाच रंगाचं होतं. घरी वजनकाटा असेल तर अंदाज लावतच बसू नका, १०० मिलीचं माप घ्या आणि त्यात एकेक द्रव भरून वजन करा. साधं पाणी १०० ग्रॅम भरतं, शहाळ्याचं पाणी १०२ च्या आसपास, दूध १०३, साखर न घातलेला आमरस १०६-१०७, आणि बाटलीतलं रोझ किंवा वाळ्याचं सिरप थेट १३० च्या आसपास जातं कारण त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. हे आकडे कागदावर उतरवून फ्रीजवर चिकटवले की काम झालं, जास्त वजनाचं खाली आणि कमी वजनाचं वर. दोन थरांमध्ये निदान तीन-चार ग्रॅमचा फरक ठेवा, एका ग्रॅमच्या फरकावर थर उभा राहतो पण ग्लास उचलला की गेला. काटा नसेल तर एका छोट्या वाटीत खालचं सरबत घ्या, चमच्याने वरचं हळूच सोडा आणि पाच मिनिटं थांबा, जे काय व्हायचंय ते तिथेच कळतं.

आता दुसरी गोष्ट जी मला दिसण्याइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे चव. इंटरनेटवरचे फोटो बघून केलेल्या कितीतरी ड्रिंक्समध्ये खाली नुसता पाक आणि वर फिकं पाणी असतं, पोरं स्ट्रॉ तळाशी लावतात, दोन घोट गोडमिट्ट ओढतात आणि ग्लास तसाच टाकून देतात. म्हणून मी आधी सगळे थर ठरलेल्या मापाने एका भांड्यात घालून ढवळते आणि चाखते. ढवळल्यावर ते चांगलं सरबत लागलं पाहिजे, मगच त्याचे थर करायचे. आणि पोरांना ग्लास देताना सांगायचं की आधी बघा, फोटो काढा, मग चमच्याने खालपासून ढवळा आणि प्या. ढवळताना रंग बदलतो तीच त्यांची सगळ्यात मोठी मजा असते.

आमच्याकडे सगळ्यात हिट असलेला प्रकार म्हणजे कोकम, लिंबू आणि गोकर्ण. खाली लाल, मध्ये पांढुरकं-पिवळं, वर निळं. तळाला अमृत कोकम, म्हणजे साखरेतलं गोड सिरप, पाणी न घालता. इथे एक गोंधळ होतो तो आधीच सांगते, दुकानात आगळ पण मिळतं, ते मिठातलं असतं, सोलकढीसाठी, ते इथे चालणार नाही, बाटली नीट वाचून घ्या. कोकणात माहेर किंवा सासर असेल तर मे महिन्यात ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं मिळतात, ते फोडून बिया काढायच्या, सालींचे थर आणि साखरेचे थर बरणीत आलटून पालटून भरायचे, सालींच्या दीडपट ते दुप्पट साखर, तोंडाला फडकं बांधून काही दिवस उन्हात ठेवायचं, रोज हलवायचं, साखर विरघळली की गाळून घ्यायचं. त्याचा जो रंग येतो तो कुठल्याच कलरच्या बाटलीतून येत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

मधल्या थरासाठी साधं लिंबू सरबत. एक कप पाण्याला चार चहाचे चमचे साखर, एका लिंबाचा रस, चिमूट मीठ, आणि ते गाळून घ्यायचं म्हणजे लिंबाचा चोथा तरंगत नाही. वरच्या थराला निळ्या गोकर्णाची फुलं, एका कपाला आठ-दहा. हिरवा देठ काढून टाकायचा, उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळून एकदम गार करायचं. यात साखर अजिबात घालायची नाही, नाहीतर वजन वाढतं आणि ते लिंबाच्या थरात उतरतं. गोकर्णाची वेल बऱ्याच सोसायट्यांच्या कुंपणावर असते, फक्त रस्त्याच्या धुळीतली किंवा औषध फवारलेली फुलं घेऊ नका आणि पांढऱ्या गोकर्णाचा रंग येत नाही, निळाच हवा. सुकवलेली फुलं पण चालतात.

ग्लास भरायची पद्धत अशी. २५० मिलीचा उभा ग्लास घ्या, त्यात दोन मोठे चमचे म्हणजे ३० मिली कोकम थेट तळाशी ओता, काठाला लागू देऊ नका, लागलं तर लाल ओघळ राहतो आणि वरचा निळा रंग तिथे जांभळा दिसतो. मग बर्फ घाला, वरच्या दोन थरांना जागा राहील एवढाच. हा बर्फ गारव्यासाठी तर आहेच पण त्याचं खरं काम म्हणजे ओतलेल्या धारेचा जोर मोडणं. मग लिंबू सरबत साधारण ८० मिली, चमचा उलटा करून ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि चमच्याच्या पाठीवरून बारीक धार सोडायची, किंवा सरळ एखाद्या बर्फाच्या खड्यावर. सगळ्यात शेवटी गोकर्णाचं निळं पाणी ८० मिली, तसंच, आणखी हळू. लिंबू आणि निळं जिथे भेटतं तिथे एक जांभळी पट्टी तयार होते कारण गोकर्णाचा रंग आंबट लागला की निळ्याचा जांभळा-गुलाबी होतो. पोरांनी ढवळलं की सगळा ग्लास डोळ्यांदेखत रंग बदलतो. आमच्या पाचवीतल्या भाच्याने तर दुसऱ्या दिवशी व्हिनेगर, खायचा सोडा, चिंचेचं पाणी, साबणाचं पाणी असं सगळं गोकर्णाच्या पाण्यात घालून रंग बघत अख्खी सकाळ घालवली, सोड्याने हिरवट होतो ते मला पण तेव्हाच कळलं.

दुसरा प्रकार केशरी-पांढरा-हिरवा, म्हणजे आमरस, दूध, वाळा. पहिल्या वेळी मी हिरवं सिरप खाली, त्यावर दूध, त्यावर हापूसचा घट्ट रस असं केलं आणि रस सरळ दुधातून खाली जाऊन बसला. तेव्हा वाटलं ओतायला चुकलं, परत केलं, परत तेच. मग वजन केलं तेव्हा लक्षात आलं की घट्ट रसच दुधापेक्षा जड आहे, तो वर राहणारच कसा. उपाय दोन बाजूंनी करायचा. दुधात साखर वाढवायची, एका कपाला तीन मोठे चमचे आणि पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायची, आणि आमरस गाळून त्यात जवळजवळ तेवढंच गार पाणी घालायचं, साखर नाही. आता दूध जड आणि रस हलका. वाळ्याचं सिरप मात्र दीड मोठा चमचाच, नाहीतर ढवळल्यावर फार गोड होतं कारण दुधातही साखर आहे. आमरसासाठी हापूसच पाहिजे असं काही नाही, पायरी किंवा केसर पण मस्त, उलट पायरीला रस जास्त असतो, फक्त रेषा गाळून घ्या. कोणाला थर ओतायचा कंटाळा असेल तर क्रम बदला, वाळा खाली, घट्ट आमरस मध्ये आणि वर दूध, हे बिनसाखरेचं जमतं, फक्त झेंड्याचा क्रम येत नाही.

दुधाच्या शेजारी कोकम, लिंबू किंवा कैरीचं पन्हं ठेवायचं नाही, दूध फाटतं आणि मधल्या रेषेत बारीक दाणे दिसतात. कोकमाबरोबर पांढरा थर हवाच असेल तर नारळाचं दूध घ्या, सोलकढीत आपण तेच करतो. नारळाचं पहिलं घट्ट दूध स्निग्ध असतं त्यामुळे हलकं, गोड कोकमावर छान तरंगतं आणि मधली रेषा गुलाबी होते. हा प्रकार मोठ्यांना जास्त आवडतो, त्यात थोडी जिरेपूड टाकायची.

सब्जाचा एक सोपा आणि हमखास जमणारा थर आहे. एक चमचा सब्जा अर्धा कप पाण्यात वीस मिनिटं भिजवायचा. रोझ सिरप तळाला, वर सब्जा आणि मग शहाळ्याचं पाणी. भिजलेला सब्जा पाण्यापेक्षा किंचित जड पण सिरपपेक्षा हलका, त्यामुळे तो बरोबर दोघांच्या मध्ये काळ्या ठिपक्यांची पट्टी धरून बसतो, काही करावं लागत नाही. लहान मुलांना द्यायचा असेल तर पूर्ण फुगलेलाच द्या, कोरडा सब्जा घशात चिकटून फुगू शकतो.

पन्ह्याचं पण होतं, पण ते गाळावं लागतं. उकडलेल्या कैरीचा गर तसाच घातला तर तो अर्ध्या तासात खाली बसतो आणि वर नुसतं पाणी राहतं. दोनदा गाळा, गुळाचं केलं तर तपकिरी सोनेरी रंग येतो, साखरेचं केलं तर फिकट हिरवट. वर सोडा घालणार असाल तर सगळ्यात शेवटी आणि चमच्यावरूनच, त्याचे बुडबुडे खालचं सगळं ढवळून काढतात.

पंधरा पोरांसाठी तयारी कशी करायची ते पण सांगते कारण ऐन वेळी तिथेच धांदल होते. पंधरा ग्लासांना ३० मिली म्हणजे साधारण अर्धा लिटर कोकम सिरप, सव्वा लिटर लिंबू सरबत, सव्वा लिटर गोकर्णाचं पाणी, सांडलवंड धरून थोडं जास्तच लागतं. सरबतं आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये. सकाळी ग्लासांमध्ये तळाचा थर घालून ताटात मांडून ठेवायचे, झाकून. पोरं बसल्यावर बर्फ आणि वरचे दोन थर. बर्फ वितळला की वर एक पाण्याचा फिका थर दिसायला लागतो म्हणून दहा-पंधरा मिनिटांत हातात गेला पाहिजे. ग्लास उभे आणि अरुंद घ्या, पसरट ग्लासात ३० मिली म्हणजे नुसता पापुद्रा दिसतो. काच नको असेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकचे घ्या, स्टीलच्या पेल्यात एवढं सगळं करून काय उपयोग.

बर्फाबद्दल मात्र मी खूप कडक आहे. घरात गाळून उकळलेल्या पाण्याचाच, दोन दिवस आधीपासून ट्रे भरून पिशवीत साठवायचा. कमी पडला आणि बाहेरून आणायचा झाला तर खाण्याचा आहे हे विचारूनच घ्या, मासे, भाजी वगैरे गार ठेवायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे तो यासाठीच, तसली निळसर लादी फोडून सरबतात घालू नका. उन्हाळ्यात पोटं बिघडतात त्यात बर्फाचा हात मोठा असतो आणि दहा घरची पोरं आपल्या भरवशावर पाठवलेली असतात.

रंगाच्या बाटल्या मी आणत नाही. लाल कोकमात आहे, केशरी आंब्यात, निळा वेलीवर, जांभळा हवा असेल तर जूनच्या तोंडावर जांभळं येतातच, त्यांचा गर साखरेत शिजवून गाळला की तळाचा थर तयार. हिरव्यासाठी तेवढं वाळ्याचं सिरप विकतचं घेते, त्यात रंग असतो, म्हणून ते थोडंच. पुदिना वाटून गाळून पण हिरवं होतं पण तो रंग तासाभरात काळपट पडतो, लगेच वापरायचा असेल तरच.

सगळं झाल्यावर गोकर्णाचं पाणी हमखास उरतं. ते टाकू नका, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी साध्या लिंबू सरबतात दोन निळे खडे टाकले की ते वितळता वितळता सरबत हळूहळू गुलाबी होत जातं, आणि पोरं परत स्वयंपाकघराच्या दारात.