एअर कार्गोत येताय? आधी मोजायची टेप हातात घ्या

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे 40 कार्टन. फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे कारखान्याचा माल एअरलाइनपर्यंत पोचवण्याच्या कामात, मी एकट्याने हाताळलेलं हे पहिलं शिपमेंट. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

पॅकिंग लिस्टवर माप होतं 60 × 50 × 50 सेंमी, कार्टनचं वजन 18 किलो. खरं वजन आणि व्हॉल्यूम वजन यांतलं जे जास्त त्यावर भाडं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही होतं. व्हॉल्यूम वजन म्हणजे सेंमीतल्या तिन्ही मापांचा गुणाकार, भागिले 6000. कार्टनमागे 25 किलो, एकूण 1000. त्या हिशोबाने कारखान्याच्या शेठना दर सांगून मोकळा झालो.

माल ट्रकने मुंबईला, सहारच्या विमानतळावरच्या कार्गोत पोचला आणि तिथे माप निघालं 63 × 53 × 53. टेरी टॉवेल दाबून भरतात. कार्टन बंद केल्यावर तो आतून फुगतो, पुठ्ठ्याला पोट सुटतं आणि एअरलाइन टेप लावते ती नेमकी सगळ्यात फुगलेल्या जागी. वाढले 3-3 सेंमीच, पण तिन्ही मापं एकमेकांत गुणली जातात. कार्टन गेलं 29.5 किलोवर आणि शिपमेंट 1180 वर. जादा 180 किलोचं भाडं कंपनीने तीन महिने माझ्या पगारातून कापलं. शेठ एवढंच म्हणाले, "एकदा येऊन मोजायचं तरी होतंस की." त्यांचं बरोबरच होतं.

पॅकिंग लिस्टवर कधीही विसंबू नका. कधीही नाही. पट्ट्या मारून झाल्यावर, थप्पी लावून एक रात्र गेल्यावर, स्वतः कारखान्यात जाऊन मोजा. थप्पीच्या तळातलं कार्टन आधी, कारण ते सगळ्यात जास्त फुगतं. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना सपाट फळी उभी धरा आणि फळ्यांमधलं अंतर घ्या.

तेव्हा वाटलं होतं, एअरलाइन लुबाडते. विमानांचा इतिहास वाचला तेव्हा राग शांत झाला, विमानात जागा पहिल्यापासूनच तोकडी. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा एक इंजिनाचं पस मॉथ घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला आले, ते टपाल घेऊन. 17 एप्रिल 1973 च्या रात्री फेडेक्सने मेम्फिसहून सुरुवात केली तेव्हा 14 छोटी फाल्कन विमानं होती आणि पाकिटं फक्त 186. सगळा माल रात्री एका हबवर आणायचा, तिथे निवडायचा, सकाळपर्यंत गावोगाव पोचवायचा. आजच्या एक्सप्रेस कंपन्याही असंच चालतात. मोठी विमानं त्याआधीच आली होती. प्रवासी पुढे सुपरसॉनिक विमानांकडे वळतील असं धरून बोइंगने 747 चं कॉकपिट वर नेलं, म्हणजे नाक उघडून माल थेट आत सरकवता येईल. 747-400 चं मालवाहू विमान 110 टनांहून जास्त माल उचलतं, पण त्यात नुसते टॉवेल भरा, वजन गाठायच्या आधीच जागा संपेल. एअरलाइन विकते ती जागाच. भागिले 6000 म्हणजे एका घनमीटरला साधारण 167 किलो धरणं.

प्रवासी विमानाच्या पोटात पॅलेटची, म्हणजे सपाट पत्र्यावर रचून बांधलेल्या मालाची, उंची 160 सेंमीपर्यंतच चालते. माझे तीन थर 159 ला बसले. कार्टन आणखी एक सेंमी फुगलं असतं तर वरचा अख्खा थर उतरला असता.

माल बांधण्याच्या कामाला हमाली समजू नका. एप्रिल 2013 मध्ये अफगाणिस्तानात बगरामला 747 मालवाहू विमानातली लष्करी वाहनं नीट जखडलेली नव्हती. उड्डाण होताच त्यातलं निदान एक मागे सरकलं, विमान कोसळलं आणि आतले सातही जण गेले.

"नोकरीची हमी" देणाऱ्या क्लासला पैसे घालू नका, हे माझं ठाम मत. डीजीआर, म्हणजे धोकादायक मालाच्या नियमांचा कोर्स मात्र करा, पण नोकरी लागल्यावर. सर्टिफिकेट दोनच वर्षं चालतं, घरी बसून त्याची मुदत घालवण्यात अर्थ नाही. आणि गुरू शोधायचा तर साहेबांच्या केबिनमध्ये नको. मला पॅलेट वाचायला शिकवलं ते बिल्डअपवरच्या, म्हणजे पॅलेट रचतात तिथल्या, सुपरवायझर काकांनी. नुसती थप्पी बघून ते उंची सांगायचे, टेप लावली की तेवढीच निघायची.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. एअरवे बिलावरचे, म्हणजे विमानाने जाणाऱ्या मालाच्या कागदावरचे, शब्द महिन्याभरात तोंडात बसतात. आपल्या सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मालवाहू विमान सुटत नाही, याचंही वाईट वाटून घेऊ नका. माल भरला जातो तो कारखाना तुमच्या घराजवळ आहे, सहारमध्ये बसलेल्याला तो कधी दिसत नाही. पहिल्या शिपमेंटला शक्य झालं तर सिद्धेश्वर एक्सप्रेसने मालाच्या मागोमाग मुंबईला जा आणि आपलं कार्टन मोजताना शेजारी उभे राहा.